लाल बोटांचे शहाण्णव गुण

पुलोची बोटं लाल आहेत. माडी काढणाऱ्या सगळ्यांचीच असतात. खारफुटीच्या सालीची पूड माडीत कालवली की तिला रंग चढतो, ती टिकतेही जास्त. पण ती पूड एकदा नखांत बसली की साबणाच्या बापालाही निघत नाही. हे आमच्या बेटावर पोराटोरांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. शाळा बंद होत्या त्या दोन वर्षांत त्याच्या मुलीच्या स्वाध्याय-पुस्तिका दर शुक्रवारी माझ्या टेबलावर यायच्या आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल अंगठा उमटलेला असायचा. मी त्या तपासल्या. शहाण्णव गुण दिले. खाली सही केली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी पुलोवर भरपूर रागावणार आहे. तेव्हा कोणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

माझं नाव फेलिसा. या बेटावरच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवते आहे. शिक्षक कमी, त्यामुळे मुलं वरच्या वर्गात जातात तशी मीही त्यांच्याबरोबर जाते. सगळे मला मॅम फेली म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

पुलोचं पूर्ण नाव क्रिस्पुलो आबार्केझ, वय एक्केचाळीस. बावीस माड आहेत त्याच्याकडे, सकाळ-संध्याकाळ चढायचे. तो तिसरीत असताना त्याचा बाप माडावरून पडला आणि शाळा सुटली ती सुटलीच. माणूस मुळात अबोल नव्हता. त्याची बायको एर्लिंडा धक्क्यावर पुसो विकायची. माडाच्या कोवळ्या पात्यांची मुठीएवढी पुडी विणायची, तिच्यात तांदूळ भरून उकडायचे आणि घोसच्या घोस दांडीला टांगायचे. पाती काढणार पुलो, विणणार एर्लिंडा. मुलीचं नाव दोघांच्या नावांतून जुळवलं, क्रिसलिंडा. आमच्याकडे निम्म्या वर्गाची नावं अशीच जोडकामाची असतात. हजेरी घेताना मला घरोघरची लग्नं आठवतात.

क्रिसलिंडाची पहिली संपत आली आणि साथीमुळे शाळा बंद झाली. दुसरीचं वर्ष सुरू झालं ते पुस्तिकांवरच. सोमवारी पालकांनी येऊन प्लास्टिकच्या पाकिटातून न्यायच्या, मुलांनी घरी सोडवायच्या, शुक्रवारी पालकांनी आणून द्यायच्या. शेवटच्या पानावर उत्तरं छापलेली. ही अक्कल कोणाची, देव जाणे. पुढे आम्ही ते पान फाडून घ्यायला लागलो तर आया फाटकाशी येऊन भांडल्या. "मॅम, आम्हाला काय कप्पाळ येतंय? ते पान तरी राहू द्या की!"

सुरुवातीला क्रिसलिंडाच्या पुस्तिका वेगळ्या दिसायच्या. तिचं अक्षर वाकडंतिकडं, आणि जिथं चुकलं असेल तिथं बाजूला पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. तो एर्लिंडाचा. ती काय चुकलं ते सांगायची नाही, खोडायची नाही, नुसता ठिपका द्यायची. मग पोरीनं बघत बसायचं आणि शोधून काढायचं. पान खोडून खोडून विरायचं. एर्लिंडा काही फार शिकलेली नव्हती, ही ठिपक्याची रीत तिला कोणी सांगितलीही नव्हती, पण मला ती पानं तपासायला आवडायची.

नोव्हेंबरात एर्लिंडा गेली. नऊ दिवसांचं दुखणं. होडीतून शहरात नेली आणि खोक्यात बंद करून परत आणली. प्लास्टिकचे कपडे घातलेल्या चार माणसांनी ती पेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या एका सिमेंटच्या कोनाड्यात सरकवली, तोंड विटांनी बंद केलं, गिलावा केला आणि वर कोळशानं एकतीस नंबर घातला. पुलो आणि मुलगी कुंपणाबाहेर उभे होते. आत कोणाला सोडत नव्हते. नऊ रात्रींची प्रार्थना नाही, जेवण नाही. अर्ध्या तासात सगळं आटोपलं आणि पुलो संध्याकाळचे माड चढायला गेला, कारण माड काही थांबत नाहीत.

त्या शुक्रवारी मी त्याच्या पाकिटाची वाट पाहत नव्हते. पाकीट वेळेवर आलं. प्रत्येक पान पूर्ण, उत्तरं सरळ रेषेत, एकही खाडाखोड नाही. कोपऱ्यात लाल अंगठा. एकच पान तेवढं कोरं होतं. त्यावर लिहिलं होतं: माझ्या आईचं नाव, पुढे मोकळी जागा. माझी आई घरी काय करते, मोकळी जागा. मला आईचं काय आवडतं, मोकळी जागा. खाली फक्त मुलीचं नाव, मुलीच्या अक्षरात.

त्या पानाचे गुण कापावेत की नाही याचा मी पाच मिनिटं विचार केला. कापले नाहीत. पुढची पुस्तिका घेतली.

मग तसंच चालू राहिलं. वरून हुकूम होता की सगळ्या पुस्तिका परत आल्या पाहिजेत आणि कोणी नापास होता कामा नये. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार. मीही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. आमच्याकडे मान देऊन पुरुषाला नोंग म्हणतात, बाईला नांग. एकदाच, सोमवारी पाकीट देताना, मी विचारलं होतं. "नोंग पुलो, मुलगी स्वतः लिहिते ना हे?"

"नाव तीच लिहिते, मॅम," तो म्हणाला. "नावाला मी हात लावत नाही. खोटं नको."

आणि तो हे गंभीरपणे म्हणाला.

तिसरीच्या शेवटी बास्केटबॉलच्या मैदानावर गुणगौरव झाला. आमच्याकडे पदकाची फीत आईबापांनी स्टेजवर येऊन मुलाच्या छातीवर टोचायची असते. पुलो पांढरा शर्ट घालून आला. क्रिसलिंडाचं नाव पुकारलं, "सन्मानासह उत्तीर्ण," आणि मागून त्याची शेजारीण नांग पाकिंग ओरडली, "पुलो, फीत चुकीच्या छातीवर लावू नकोस रे! तुझीच आहे ती!" अख्खं मैदान हसलं. मीही हसले. पुलोनं फीत टोचली, पांढऱ्या रेशमावर लाल बोट उमटलं, आणि तो खाली उतरला. मुलगी पायांकडे पाहत होती.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. चौथीचा वर्ग. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, स्वतःबद्दल पाच ओळी लिहा. क्रिसलिंडानं नाव लिहिलं. सुंदर लिहिलं, वळणदार, दोन वर्षांत शेकडो वेळा गिरवलेलं. मग ती थांबली. मी दुसऱ्या रांगेत जाऊन परत आले तेव्हा तिचा कागद पूर्ण झाला होता.

पाच ओळी सांगितल्या होत्या. तिनं पाच वेळा नाव लिहिलं होतं.

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. ती माझ्याकडे पाहत होती, चुकलं की बरोबर आलं ते कळायला. मी "बरं" म्हणाले आणि कागद वहीत घातला. मग जवळ घेऊन वाचायला दिलं. छोटे शब्द जुळवून जुळवून वाचत होती, मोठा शब्द आला की तोंडाला कुलूप. मुलगी मंद नव्हती. दोन वर्षं बापाच्या ओंजळीनं पाणी प्यायली होती, तिची स्वतःची ओंजळ झालीच नव्हती. आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या हातचे शहाण्णव होते.

शाळा सुटल्या सुटल्या मी त्याच्या घरी गेले. मला इतका राग आला होता की तो माडावरून खाली उतरेपर्यंतही धीर धरवला नाही.

"नोंग पुलो, खाली या! बोलायचंय!"

"आलो, मॅम. गोड माडी देऊ का? ताजी आहे."

"मला काही देऊ नका. तुमच्या पोरीला लिहिता येत नाही."

तो उतरला. कमरेचा कोयता काढून बुंध्याला टेकवला, बांबूची नळी सावलीत ठेवली, सगळं रोजच्यासारखं. मग म्हणाला, "येतं की. नाव येतं."

"नाव येतं! चौथीत आहे ती. नाव काय, दोन वर्षं शिकवलं तर पाकिंगच्या बकरीलाही येईल."

"माझ्या बकरीला मध्ये ओढायचं काम नाही, मॅम," शेजारच्या अंगणातून नांग पाकिंगचा आवाज आला. ती कपडे वाळत घालत होती, पण कान आमच्याकडे. "ती कोणाच्या पुस्तिका लिहीत नाही. मिळाल्या तर खाते."

पुलो आत गेला आणि तांदळाची गोणी घेऊन आला. त्यात सगळ्या पुस्तिका होत्या, वर्षवार लावलेल्या, नारळाच्या काथ्यानं बांधलेल्या. त्यानं वरची उघडून मला दाखवली. "हे बघा. शहाण्णव. हे पंच्याण्णव. हे पण शहाण्णव. तुम्हीच दिलेत."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलले असते.

"का लिहिलंत तुम्ही सगळं?" मी विचारलं.

"संध्याकाळचं चढून झालं की बसायचो. करायला काही नसायचं. त्या पुस्तिकेत मोकळ्या जागा असतात ना, मॅम, त्या प्रत्येकीचं उत्तर शेवटच्या पानावर असायचं. तुम्ही पान फाडायला लागलात, मग मी आतलं वाचून शोधायचो. सापडायचं. दर वेळी सापडायचं."

"आणि ती?"

"ती बाजूला बसून वारा घालायची मला."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"काय वाटायला पाहिजे होतं?" त्यानं विचारलं, आणि खरंच विचारलं, मी सांगितलं असतं तर त्यानं ते लिहून घेतलं असतं. "एर्लिंडा गेल्यापासून मला काही वाटत नाही, मॅम. माड चढतो, उतरतो. पडावं असं नाही वाटत. पडू नये असंही नाही."

पाकिंगनं हातातले कपडे खाली ठेवले. ती बकरीकडे वळली आणि लेकी बोले सुने लागे अशा सुरात सुरू झाली. "ऐकलंस का गं बाई? काही काही माणसं एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःचं थडगं लिंपून तयार ठेवतात, आणि बायकोच्या थडग्यावर नावाचा पत्ता नाही! नोव्हेंबरात सगळ्यांचे आत्मे येणार, आपापलं नाव बघून दिवा घेणार, आणि ही बिचारी काय वाचणार? कोरी भिंत!"

हे खरं होतं. एर्लिंडाशेजारचा बत्तीस नंबरचा कोनाडा रिकामा होता. पुलोनं फादरना विचारून तो स्वतःसाठी धरला आणि स्वतःच विटा लावून, गिलावा करून बंद करून टाकला. मग दोन्हींवर चुना मारला. एकतीस हा आकडाही त्याखाली गेला. दोन पांढरे चौकोन शेजारी शेजारी, कशावरच काही नाही. शेकडो पानं भरणाऱ्या माणसानं एक नाव लिहिलं नव्हतं.

"घालणार आहे," पुलो म्हणाला. "या वर्षी घालणार."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास," पाकिंग म्हणाली. "तुझं आणि सरकारचं एकच. या वर्षी, या वर्षी."

क्रिसलिंडा दारात बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. मांडीवर पात्यांची जुडी, आणि हात पुसो विणत होते. ती हातांकडे बघतही नव्हती. वळसा, दाब, आत, बाहेर, खेच, आणि एक पुडी तयार होऊन बाजूला पडली. हे ती धक्क्यावर आईजवळ बसून शिकली असणार. माझ्या वर्गात कागदासमोर थिजलेली तीच बोटं ही.

"दाय, पोरी, कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"नानायनं," ती म्हणाली. आईनं.

मी पुलोकडे वळले. राग थोडा खाली बसला होता, पण आवाज तोच ठेवला, नाहीतर तो मऊ पडला असता. "उद्यापासून रोज, जेवणाआधी, अर्धा तास. ती लिहील. काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल. तुम्ही जवळ बसायचं. पेन्सिलीला हात लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

"बसा."

"नुसता?"

"नुसते. ती थांबली की विचारा, मग? पुढे काय? एवढंच. तिला ऐकणारं कोणीतरी पाहिजे, लिहून देणारं नको."

"चुकली तर?"

"चुकू दे."

"गुण जातील, मॅम."

"जाऊ देत. चुलीत जाऊ देत ते गुण."

त्यानं हातांकडे पाहिलं. "चुकलेलं समोर दिसतंय आणि नुसतं बसायचं, हे मला जमायचं नाही. हात शिवशिवतात."

तेव्हा क्रिसलिंडा उठली. अर्धवट विणलेली पुडी तिनं बापाच्या हातात दिली. "ताताय पुसो विणेल. मी शिकवते."

पाकिंग फसकन हसली. "पुलो आणि पुसो! त्या बोटांनी? मासे धरायची टोपली होईल त्याची."

पहिला आठवडा वाया गेला. सोमवारी वही पाहिली तर दीड ओळ तिची आणि खाली सहा ओळी लाल बोटांच्या. मी वही घेऊन सरळ त्याच्या माडाखाली गेले आणि वर बघून ओरडले. "हे काय?"

"तीनच शब्द सांगितले मी."

"सहा ओळी आहेत!"

"तीन शब्दांवर थांबता आलं नाही, मॅम."

दुसऱ्या आठवड्यात वही रिकामी. त्यानं हात लावला नव्हता, तिनंही नाही. दोघं समोरासमोर बसून राहिले होते म्हणे, सहा दिवस, रोज अर्धा तास. "मग? पुढे काय?" तो विचारायचा आणि ती मान हलवायची. पाकिंग म्हणाली, "अगदी पोलीस चौकी वाटते मॅम, त्या घरात संध्याकाळी." मला वाटलं, माझी युक्ती फसली. मी घरी जाऊन जेवले आणि झोपले. काय करणार?

काम पुसोनं केलं. पुलोला काही केल्या विणता येईना. तिसऱ्या वळशाला दर वेळी चुकायचा. पाती सुटायची, तो पुन्हा पोरीला विचारायचा, ती पुन्हा दाखवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. शेवटी ती वैतागली. तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी तिनं वही ओढली आणि त्याच्यासाठी लिहून काढलं. त्याच्या विचारण्याचा त्रास वाचावा, एवढाच हेतू. शुक्रवारी ते पान माझ्यापुढे आलं. अक्षरं कुठे मोठी कुठे बारीक, शब्द एकमेकांत घुसलेले, चुका मोजल्या असत्या तर हाताची बोटं पुरली नसती. मी सुधारून सांगते:

"दोन पाती घे. एक डाव्या हाताला गुंडाळ. तीन वेळा. अंगठ्यानं दाब. ताताय इथं सोडतो. सोडू नको. दुसरं पातं खालून आण. ओढ पण जोरात नको. नानाय म्हणायची जोरात ओढलं तर भात फुगायला जागा राहत नाही."

दोन वर्षांत त्या मुलीनं आईबद्दल त्या एका शब्दापलीकडे काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी वर्गाला पाढे म्हणायला सांगितले आणि बाहेर पाण्याच्या नळाशी जाऊन उभी राहिले. रडले असं नाही म्हणणार. तोंड धुतलं.

पुलोला मी विचारलं, वाचलंत का? तो म्हणाला, "वाचलं. बरोबर आहे. भात फुगतो." त्यानं ते पान फाडू दिलं नाही, मग क्रिसलिंडानं दुसरं तसंच लिहून दिलं आणि ते भातानं भिंतीला चिकटवलं. त्यासमोर बसून तो विणायचा. टोपलीच व्हायची ती.

"आता कसं वाटतं?" मी एकदा उगाच विचारलं.

"काही नाही वाटत, मॅम. ती लिहिते, मी बघतो. काही वाटत नाही." मग म्हणाला, "पण बसतो."

"बसा," मी म्हणाले. "तेवढंच सांगितलंय."

सप्टेंबर गेला. वहीत पाकिंगची बकरी आली, होडी आली, वादळात उडालेला पत्रा आला. चार ओळी, कधी सहा. ऑक्टोबरच्या मध्यावर क्रिसलिंडा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली.

"मॅम, रंगानं लिहिलेलं खोडता येतं का?"

"नाही. कशाला?"

"नानायच्या भिंतीवर मी लिहिणार आहे. तातायला जमत नाहीये. काल ब्रश घेऊन गेला होता, तसाच परत आला. आधी कागदावर करून बघते."

मी तिला जुन्या तक्त्यांचे मोठे कागद दिले. त्या पंधरा दिवसांत तिनं ते सगळे संपवले. मला दाखवले नाहीत. मीही मागितले नाहीत, पण मला भीती वाटत होती, हे कबूल करते. कागद फाडता येतो. भिंत वर्षभर राहते, आणि तिथं सगळं बेट येतं.

नोव्हेंबर लागताच मृतांचा सण, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सगळेच दफनभूमीत होतो. मी माझ्या आईवडिलांच्या कोनाड्यांना चुना देत होते. पोरं मेणबत्त्यांचं मेण गोळा करत होती, कुठे पत्ते चालले होते, कुठे डुक्कर भाजून आणलं होतं. अक्षरं रंगवणारा न्योर आपले पत्र्याचे साचे घेऊन ओळीओळीनं फिरत होता. पुलो आणि क्रिसलिंडा आले. पुलोच्या एका हातात काळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात पुसोचा घोस. त्यातल्या दोन पुड्या इतक्या वाकड्या होत्या की कोणी विणल्या ते विचारायची गरज नव्हती.

त्यानं ब्रश तिच्या हातात दिला आणि डबा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

तिनं सुरुवात केली. एर्लिंडा हे नाव इतकं मोठं काढलं की भिंतीची रुंदी तिथंच संपली. आबार्केझ दुसऱ्या ओळीत गेलं आणि शेवटी उतारावरून घसरल्यासारखं खाली आलं. रंगाचा एक ओघळ सुटला. न्योर मागे येऊन उभा राहिला होता. तो हळूच म्हणाला, "पुलो, ओलं आहे तोवर पुसून साच्यानं घालून देतो. पैसे नकोत."

पुलोनं साच्यांकडे पाहिलं. पण तो म्हणाला, "राहू दे."

मला वाटलं झालं. पण ती नावाखाली वाकली आणि पुढे लिहू लागली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. "पुसो विणायची." मग त्याखाली, अगदी काठाशी, "मला तिचे" आणि ती थांबली.

कोऱ्या पानावरच्या त्या तीन मोकळ्या जागा मला आठवल्या. माझ्या टेबलावर दोन वर्षांपूर्वी आलेल्या. नाव, घरी काय करते, काय आवडतं.

"मग?" पुलोनं विचारलं. आवाज रोजचाच. "पुढे काय?"

"जागा संपली, ताताय."

त्यानं पाहिलं. खरंच संपली होती. मग त्यानं शेजारच्या भिंतीकडे पाहिलं, आपण स्वतः लिंपलेल्या, गुळगुळीत, पांढऱ्या बत्तीस नंबरकडे.

"इकडे लिही," तो म्हणाला. "हा माझा आहे. मला यायला अजून वेळ आहे."

क्रिसलिंडानं ब्रश बुडवला, दोन पावलं सरकली आणि बापाच्या थडग्यावर लिहिलं, "ठिपके आवडायचे."

घाईत तिनं मधलं एक अक्षर गाळलं होतं. न्योरला दिसलं, मला दिसलं. पुलोला तर दिसणारच, दोन वर्षांचा सराव त्याचा. त्यानं डबा खाली ठेवला. उजवा हात पुढे केला आणि मला वाटलं, आता हा ब्रश घेणार. त्यानं ब्रश घेतला नाही. लाल बोटाचं टोक रंगात बुडवलं आणि त्या शब्दाच्या बाजूला, भिंतीवर, एक बारीक ठिपका दिला.

क्रिसलिंडा त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"चुकलं का?" तिनं विचारलं.

"तूच बघ," पुलो म्हणाला. ती वाकून शोधत होती, आणि तो तिथंच, जमिनीवर, तिच्या शेजारी बसला.